वाटीआत्या

भाव वाढला नाही असं कुणी सांगितलं, की वाटीआत्याला हमखास संशय यायचा. महागाईच्या नावानं अख्खं इंदूर बोटं मोडत असलं तरी ती निवांत. पण एखादा दुकानदार "सब वही भाव है, दीदी" म्हणाला, की तिच्या भुवया वर गेल्याच! "वाढलेला भाव समोरून येतो गं," ती म्हणे, "न वाढलेला मागच्या दारानं येतो." मग त्या दुकानात आमचा अर्धा तास जाई.

ही बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. बडा गणपतीजवळ दोन खोल्या भाड्यानं घेऊन एकटी राहायची. एका संस्थेसाठी आठवड्याच्या आठवड्याला बाजारात फिरून किराणा-भाजीचे भाव आणि मजूर चौकातली रोजी विचारून कळवायची. दर फेरीमागे मिळणाऱ्या त्या मानधनावर तिचं घर चाले. बाबा सणावाराला आले की म्हणत, "ताई, आता आमच्याकडे चल." ती म्हणे, "माझं काय अडलंय? कुणाच्या ताटाखालचं मांजर नाही व्हायचं मला." बाबांचं तोंड एवढंसं होई.

वाटीआत्या हे नाव आम्हा भाचरांनी ठेवलेलं. तिच्या पिशवीत घरची स्टीलची वाटी असे. ठेल्यावर पोह्यांची प्लेट घेतली, की आधी ते पोहे वाटीत दाबून बघायचे, मग खायचे. कॉलेजात असताना मी तिच्यासोबत जायची आणि लाजेनं मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. एकदा ठेलेवाला वैतागला, "अम्मा, कब से वही रेट है!"

"हाँ भिया, रेट तो वही है, पोहे कहाँ गए? शेवेखाली खड्डा लपवलाय नुसता."

तो हसला आणि चमचाभर पोहे आणखी घालायला लागला, तर हिनं प्लेट मागे ओढली. "मला एकटीला जास्त नको. मग माझा हिशेब खोटा पडेल ना!" धन्य बाई.

मजूर चौकात ती आधी रोजी विचारायचीच नाही. विचारायची, "आज डब्यात काय?" विटा वाहणारी एक कमली होती, तिनं एकदा झाकण उघडून दाखवलं. रोट्या आणि लाल मिरचीची चटणी.

"डाळ नाही?"

"नहीं, अम्मा. रोजी तो वही मिलती है," कमली आपणहून म्हणाली.

झालं! आत्याचे कान टवकारले. काम कुठे? शहराबाहेर, बेटमा गावाकडे. न्यायला ठेकेदाराची गाडी? पहले थी, अब बस से जाते हैं. भाडं? अपना. आणि सुटता कधी? दियाबत्ती के बाद. आत्यानं स्वतःच्या हातानं तो डबा बंद केला. संस्थेतल्या साहेबांना नुसता रोजीचा आकडा हवा असे. त्यावरून संध्याकाळी ती फोनवर त्यांच्याशी कडाकडा भांडली.

पुढे मला नोकरी लागली, सोबत जाणं सुटलं. रविवारी फोन मात्र करायची.

"कशी आहेस, आत्या?"

"आहे तशीच."

"मानधन?"

"तेच."

"जेवलीस?"

"रोजच्यासारखी."

किती महिने हीच उत्तरं! एका रविवारी फोन ठेवता ठेवता माझ्या मनात पाल चुकचुकली. सगळं तेच? पुढच्या रविवारी न कळवता ऐन जेवणाच्या वेळी मी तिच्या दारात.

ती पानावरच बसली होती. ताटात तीच वाटी, आणि वरण अगदी बुडाशी, तेही पाण्यासारखं. मी बघते आहे म्हटल्यावर तिनं ताट स्वतःकडे ओढलं.

"आत्या, वाटी तीच आहे. वरण कुठे गेलं?"

"चोंबडी मेली!" ती कडाडली. मग खाली बघत म्हणाली, "फेरीचे पैसे तेच देतात गं. फेऱ्याच कमी केल्यात. तुझ्या बाबांना सांगू नकोस. शपथ आहे."

शपथ गेली खड्ड्यात. त्याच संध्याकाळी मी बाबांना सांगितलं, आणि बाबा तिला घेऊन आले. माझ्याशी तिनं बरेच दिवस अबोला धरला होता. मला त्याचं फार वाईट वाटलं, पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन.

आमच्याकडेही तिचा संशय काही सुटला नाही. आई तिला वाटी काठोकाठ भरून वाढायची, तर ही त्या वाटीकडे टक लावून बघे. "एवढं? कुणाच्या वाटणीचं कमी केलंत?" आई नेहमी सगळ्यांच्या मागून जेवायची. एके दिवशी आत्या जेवण झाल्यावर उठलीच नाही, आईचं पान मांडून होईपर्यंत बसून राहिली. आईच्या वाटीत डोकावली आणि ओरडली, "हे काय गं?"

"अहो ताई, मला तेवढंच लागतं."

"सगळ्याजणी हेच सांगतात," आत्या म्हणाली. तेव्हापासून आई जेवायला बसल्याशिवाय ती घासाला हात लावेना.

आत्या गेली. वाटी आमच्याकडेच आहे, हल्ली आई वापरते. आता आईचं पुन्हा मागून जेवणं सुरू झालंय. काल मी खोलीतून विचारलं, "आई, नीट जेवतेयस ना?"

"हो गं, रोजच्यासारखी."

मी हातातलं काम टाकून स्वयंपाकघरात धावले.