मानाच्या खुर्चीत लुओ मावशी

वूशी शहरातल्या त्या चकचकीत बिझनेस हॉटेलात लुओ मावशी जेवण वाढायच्या. तोंड इतकं फटकळ की, "पाहुण्यांशी एक शब्द जास्त बोललात तर घरी बसा," अशी तंबीच मॅनेजरनं दिली होती.

त्या संध्याकाळी तिथं उतरलेले तान आणि बाओ हे दोन कारखानदार करारासाठी जेवायला आले. दारासमोरची मानाची खुर्ची आपण घेतली तर दुसऱ्याचा अपमान, म्हणून दोघंही बसेनात.

"बसा ना, दादा!"

"छे, तुमच्यापुढं मी कसला बसतोय!"

आग्रहाची ढकलाढकली झाली, बाओंचा चष्मा पडला, आवाज चढले. करार मोडतोय असं दिसू लागलं.

मावशींना राहवेना. "तुमचं ठरेपर्यंत मीच टेकते. पाय मोडले माझे!" म्हणत त्या थेट मानाच्या खुर्चीत बसल्या.

नेमका तेव्हाच मॅनेजर आत आला आणि पांढराफटक पडला. पण कारखानदार खो खो हसत मावशींच्या दोन्ही बाजूंना बसलेसुद्धा होते.

"मॅनेजरसाहेब," तान म्हणाले, "आमच्या मावशींना पेला आणा."

बिचारा स्वतःच धावला. दोघांनी आपले पेले मावशींच्या पेल्याखाली धरून त्यांना मान दिला. बाई उठल्या त्या सह्या झाल्यावरच.