दाजींची दुपारची प्रार्थना

स्वतःची नोकरी घालवणारा कागद तुम्ही कधी स्वतःच्या हातानं लिहिलाय? मी नाही लिहिला. दुसऱ्यांविरुद्ध मात्र ढिगानं लिहिलेत. माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, आमच्या दाजींनी, तो लिहिला आणि मी शेजारी उभी राहून त्यांच्यावर ओरडत होते.

दाजी लिफ्ट दुरुस्त करतात. बावीस वर्षं झाली. नोकरीच्या नवव्या वर्षी ते एका लिफ्टखालच्या खड्ड्यात पाच तास अडकले. बाहेर आले ते साधं खरचटलंही नव्हतं, पण त्यानंतर हात थरथरायला लागले, आणि थरथर थांबवायला बाटली आली. ताईनं त्यांना चर्चमध्ये नेलं तेव्हा मी तिच्यावर उखडले होते, "डॉक्टरकडे ने, पाळकांकडे काय नेतेस?" पाळक म्हातारे, कमी बोलणारे. त्यांनी दाजींना एवढंच सांगितलं : रोज जेवणाआधी प्रभूला सकाळचं काम सांगायचं. काय केलं, कुठं चुकलं. त्याला ठाऊकच असतं, आपल्याला ठाऊक व्हायला हवं. बाटली सुटायला दोन वर्षं लागली, मध्ये दोनदा ती परतही आली. प्रार्थना एकदाही चुकली नाही. पिऊनसुद्धा करायचे.

मी लिफ्ट कामगारांच्या युनियनचं काम बघते. त्या दिवशी युनियनच्या खोलीत आम्ही डबे उघडले. दाजी डोळे मिटून पुटपुटायला लागले.

"दाजी, भूक लागलीय. आज जरा थोडक्यात सांगा."

"तू खा. तू बोलायला लागलीस तर प्रभूसमोर मोर्चाच काढशील." पुन्हा डोळे मिटले. "प्रभू, पहिली शाळेमागची. दोर तपासले. दुसरी नऊ मजली, जाळीच्या दाराची. चौथ्या मजल्याचं लॉक बदललं. वायर..."

हात गळ्याकडे गेला. गळा रिकामा होता.

जाळीचं दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही. दुरुस्तीच्या वेळी मेकॅनिक वरच्या मशीनरूममध्ये एक तांबडी वायर जोडून ती अडवणूक तेवढ्यापुरती काढून टाकतो. मग दार सताड उघडं असलं तरी लिफ्ट पळते. काम संपलं की वायर काढायची आणि विसरू नये म्हणून गळ्यात घालायची, ही दाजींची पद्धत. खरं तर एक माणूस वर, एक दाराशी हवा. दाजी एकटे होते. लॉक बसवून वर जाणार, तेवढ्यात सुपरवायझरचा फोन आला, पुढच्या इमारतीत माणसं अडकलीत, पळ. ते पळाले, वायर वरच राहिली.

वॉचमनचा फोन लागेना. मी स्कूटर काढली. दाजी मागे बसून एकच बोलत होते, "कोणी पडू नये. कोणी पडू नये."

वॉचमन हसत म्हणाला, "साहेब, झकास चालतेय की!"

"बंद कर! खालून मेन पाड!"

"मीटररूमची किल्ली सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी गावाला."

आम्ही जिन्यानं धावलो. चौथ्या मजल्यावर एक सून सासऱ्यांची चाकाची खुर्ची लिफ्टमध्ये ढकलत होती. पुढची चाकं आत, मागची बाहेर. तेवढ्यात वरून कोणीतरी बटण दाबलं. दाजींनी झेप घेऊन खुर्ची मागे ओढली आणि खुर्चीसकट उताणे पडले. लिफ्ट उघड्या दारानिशी वर निघून गेली. खुर्चीची पट्टी अडकून जाळी वाकली होती, दार लागेना. समोर चार मजल्यांचा काळोख, आणि सुनेची किंकाळी ऐकून घराघरांतून पोरंटोरं बाहेर येत होती.

दाजी उठले आणि त्या दारात हात पसरून उभे राहिले. काळोखाकडे पाठ. मशीनरूमची किल्ली माझ्याकडे फेकली.

"वर जा. पॅनेलशेजारी मोठा लाल दांडा आहे. खाली ओढ."

"तुम्ही जा ना, तुम्हाला माहितीये!"

"हे दार सोडून? जा म्हणतो ना!"

मी जिना चढताना त्यांच्या पाठीमागे दोर सळसळायला लागले होते. लिफ्ट परत खाली येत होती. दाजी मोठ्यानं म्हणत होते, "प्रभू, चूक माझी आहे. पाय तेवढे तुझे दे."

मी दांडा ओढला. सगळं गप्प झालं. खाली आले तर दाजी तिथंच उभे. हात थरथरत होते, पाय नाही.

सासऱ्यांचं कोपर सोलवटलं होतं, बाकी ठीक. दाजींनी वर जाऊन वायर काढून आणली. मी त्यांना जिन्यात गाठलं. "खिशात घाला ती. लॉक सदोष होतं म्हणा. नाहीतर कंपनी हाकलेल."

"हाकलू दे."

"ताईचं काय? पोरीच्या कॉलेजचं काय?"

"उद्या दुपारी मी त्याला काय सांगू?"

"त्याला ठाऊकच असतं म्हणता ना?"

"म्हणूनच."

मी नाही नाही ते बोलले. त्यांनी इमारतीच्या रजिस्टरमध्ये लिहिलं : वायर काढायला मी विसरलो. चूक माझी. खाली सही.

सुपरवायझर म्हणाला, "स्वतः बुडलास, आम्हालाही बुडवलंस." दाजी निलंबित. पहिल्याच आठवड्यात ताईला ते दारूच्या दुकानासमोर दिसले. आत गेले नाहीत. तिथंच उभं राहून प्रभूला सांगत होते, "मी आत जायला निघालोय." अर्धा तास सांगत राहिले, मग घरी आले. मी देवाधर्मातली नाही, पण जो माणूस एवढं उघड सांगू शकतो त्याला कमकुवत म्हणायची माझी छाती नाही.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "दुसरा माणूस कुठं होता?"

"दुसरा माणूस दोन वर्षांपासून नाही, साहेब."

दुसऱ्या माणसासाठी केलेले माझे एकोणीस अर्ज कचऱ्यात गेले होते. पण आपली चूक आधीच सही करून दिलेल्या माणसाला खोटारडा म्हणणार कोण? सहाव्या आठवड्यात दाजी कामावर परतले. पगारवाढ अडकली ती अडकलीच. चौथा मजला आला की त्यांना अजून घाम फुटतो. पण कंपनी आता जोडी पाठवते, मात्र इमारतीनं मागितली तरच.

म्हणून तुम्हाला सांगते, तुमच्याकडे मेकॅनिक एकटा आला तर त्याला खुर्ची द्या, पाणी द्या आणि कंपनीला फोन करून दुसरा माणूस मागा. तो येईपर्यंत तुम्ही जिना चढा.