वस्तऱ्याची नवी मूठ

मी मलकापूर सोडलं त्या सकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, स्टँडवर आले नाहीत. आमच्या दाढी-कटिंगच्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून झाला होता. मी बॅग घेऊन दारात उभा राहिलो, तेव्हा हातातला वस्तरा न थांबवता ते म्हणाले, "जा. गिऱ्हाईक अर्ध्यात सोडता येत न्हाय." मला राग आला. तो मी एसटीतून पार कोल्हापूरपर्यंत जपून नेला.

खरं सांगायचं तर निम्मा राग होता, निम्मी लाज. कॉलेजात कुणी विचारलं तर "वडलांचं दुकान आहे" एवढंच सांगायचो, कसलं ते गिळून टाकायचो. तुम्हा मलकापूरकरांतले जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना असली अर्धी उत्तरं पाठ असतील. गावात राहिलात त्यांनी खुशाल रागवावं, तुमचा हक्कच आहे.

पुढे कागलला कारखान्यात नोकरी लागली, राजारामपुरीत फ्लॅट झाला. एकदा भंगारवाल्याकडे एक गंजका वस्तरा दिसला, तो घरी आणला, आणि मग वेडच लागलं. पातं साफ करायचं, म्हशीच्या शिंगाची नाहीतर शिसवाची मूठ घडवायची, पितळेच्या बारीक खिळ्यांनी ती बसवायची. आता लांबलांबून लोक पार्सलने वस्तरे पाठवतात. बायको म्हणते, "ज्याच्यापास्नं पळून आलासा, त्येच बाल्कनीत मांडून बसलाय की!"

अण्णा थकले, दुकान बंद झालं. त्यांचा वस्तरा आजोबांकडून आलेला. त्याची मूठ तडकली होती म्हणून मी हट्टाने तो मागून घेतला. तीन रविवार खपून शिंगाची मूठ केली, आणि मग हौस नडली. पातं आरशासारखं चमकावं म्हणून पॉलिशच्या मोटरवर जरा जास्तच धरलं. धारेच्या काठाला निळी रेघ उमटली. पोलाद तापलं होतं, त्याचं पाणी उतरलं होतं, म्हणजे आता त्यावर धार टिकणार नव्हती. रोज कारखान्यात पोलादाला पाणी द्यायचंच काम करणारा मी! ती रेघ पुसून काढली आणि कुणाला बोललो नाही.

वस्तरा घेऊन मलकापूरला गेलो. अण्णांनी मूठ डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. "झ्याक झालीया," म्हणाले. मग पातं अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढलं आणि माझ्याकडे बघितलं.

"जाळलंस व्हय?"

पातं जाळल्यापेक्षा ती रेघ पुसून टाकल्याची मला जास्त लाज वाटली. अण्णा उठले, धार लावायचा दगड आणून माझ्यापुढे ठेवला. "जळलंय तेवढं घासून काढायचं. आत चांगलं पोलाद हाय. बस."

तेव्हापासून मी दर रविवारी मलकापूरला जाऊ लागलो. दगडावर पाणी शिंपडायचं आणि हाताने घासत राहायचं. अण्णा खाटेवर बसून नुसत्या आवाजावरून माझी चूक पकडायचे. "दाबू नगं. लोणी लावल्यागत फिरीव." गाव सोडल्यापासून त्यांच्याजवळ इतका वेळ मी कधी बसलो नव्हतो. पातं अरुंद होत चाललं होतं, आणि हे काम लवकर संपू नये असं मला वाटायला लागलं होतं.

मागच्या रविवारी त्यांनी पुन्हा पातं नखावर ओढलं. "धरली धार," म्हणाले.

आमच्या घरात एक रीत आहे. ज्याने धार लावली, त्याने पहिली दाढी स्वतःची करून घ्यायची. परीक्षा गिऱ्हाइकाच्या मानेवर घ्यायची नाही. दुकानातून घरी आणून ठेवलेल्या जुन्या खुर्चीत मी बसलो, वस्तरा अण्णांनी घेतला. अण्णांचा हात हल्ली चहाचा कप धरतानाही थरथरतो. आई दारातून ओरडली, "आवं, पोराचा गळा हाय त्यो!"

"म्हाईत हाय मला," अण्णा म्हणाले.

मी डोळे मिटले. राजारामपुरीत माझं सगळं आहे, बायको-मुलं, शेजार, कर्जाचा फ्लॅटसुद्धा. ते घर नाही असं कोण म्हणेल? पण घर कुठलं असं कुणी विचारलं, तर आता मला ती खुर्चीच आठवते.

गालावर दोन ठिकाणी कापलं. तुरटी झोंबली. अण्णांचा हात थांबला. मी डोळे न उघडता मान आणखी मागे टाकली.