आमची बांय आणि ताईचा बाबू

आमच्या कोरगावच्या वाड्यावर विहीर एकच. आम्ही तिला बांय म्हणतो. दोर सोडा, कळशीबरोबर एक किस्सा वर येणारच! गोवा राज्य झालं त्या सुमाराला तर इतके आले की भरायला भांडी पुरेनात.

पहिला पांडल्याचा. ताई बाळंतपणाला आमच्याकडे आलेली. बाबू बांयचं पाणी घातलेल्या वरच्या दुधावर, आणि त्याचे ओठ निळे दिसायला लागले. म्हापशाचा डॉक्टर म्हणाला, "पाण्यात नायट्रेट असणार. शेणाचं, युरियाचं झिरपतं. तान्ह्या पोराला ते पाणी बंद, नाहीतर जिवावर बेतेल."

माझा दोस्त पांडलो छाती काढून म्हणतो, "ह्या पाण्यान काय जाता?"

मी म्हटलं, "मगे पी! पोट फुटेपर्यंत!"

गाढव खरंच प्यायला! दिवसभर माडामागे पळत होता, बाकी ठणठणीत. वाडा खूश. "पांडलो जिवंत, म्हणजे पाणी बरां!"

आईने हे डॉक्टरला ऐकवलं. तो म्हणाला, "पांडलो किती महिन्यांचा?"

*

मग लॅबवाला आला. बाटली देऊन म्हणाला, भरून ठेवा. शेजारच्या शाणूकाकांनी पाणी धुतल्या धोतरातून गाळलं, वर तुळशीचं पान सोडलं. "सरकारी माणसापुढे वाड्याची लाज जावक नको!"

लॅबवाल्याने बाटली उजेडात धरली. "काका, मला पाणी तपासायचंय, तीर्थ नको!"

मग त्याने स्वतः बांयतलं भरून नेलं. निघालं नायट्रेट! वाड्याने मुकाट्याने शेणखताचा खड्डा बांयच्या वरच्या अंगाचा खालच्या अंगाला हलवला.

*

'पाणी पिऊ नये' असा बोर्ड लावायचं ठरलं. पण मराठीत की कोकणीत? भाषेचे दिवस ते, भाऊ भावाशी बोलत नव्हता! बोर्ड कोराच. त्याच्याखाली रोज भांडण, आणि घसा सुकला की दोन्ही पार्ट्या त्याच बांयचं पाणी ओढून पीत!

शेवटी मी कोळशाने बोर्डावर रडणारं पोर काढलं, तोंडाला कपड्यांची नीळ फासली.

शाणूकाका म्हणाले, "ही खंयची भाशा रे?"

म्हटलं, "बाबूची!"

*

पुढे बाबू गुलाबी झाला, माझे केस उपटायला लागला, म्हणून हे हसत सांगतो. तेव्हा हसू नव्हतं. बाबूच्या दुधासाठी लांबच्या झरीवरनं पाणी आणायचं काम माझं. बाबू सुधारला, आणि परत निळा!

सगळ्यांची बोटं माझ्याकडे. "झरीर गेलंच नाय तू! बांयतलां भरून हाडलंस!" आई ओरडली. मी देवाची शपथ घेतली, पण माझ्या शपथा वाड्याला ठाऊक!

आईने काठी उचलली. ताई बाबूला छातीशी धरून म्हणाली, "डॉक्टर म्हणाला, कोणीतरी तेच पाणी देतंय. उकळून तर मुळीच नको. पाणी आटतं तसं नायट्रेट वाढतं."

चुलीपाशी आमची आते बसलेली. मला सगळ्यात जास्त शिव्या तिच्याच. तिच्या हातातली फुंकणी खाली पडली.

"काठी ठेव गो वैनी. तेका मारू नको."

"कित्याक?"

"बाळंतिणीन बांय पुजली, मगे त्या बांयचा पाणी पोराच्या तोंडात नको? दुधात तां पाणी मियांच घातलंय." आतेने पदर तोंडाला लावला. "पण उकळून उकळून अर्धां केलंय गो, बाबूक बाधूक नको म्हणान!"