मान वळवलेला मोर

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. अंगात आलेल्या बाईच्याही मी कधी पाया पडले नाही. चौथीपर्यंत शिकलेली, चारचौघांत बोलायला लाजणारी... म्हणून कागदावर लिहून ठेवते. कुणी वाचलं तर वाचो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. सोलापुरात, साखर पेठेत आमच्या घरामागे चादरींचा कारखाना होता. मी तिथले जॅकार्डचे पत्ते शिवायची. डिझाईनच्या कागदावर चौकटी असतात. रंगवलेल्या चौकटीसाठी पुठ्ठ्याच्या पत्त्याला भोक पाडतात. ते पत्ते नंबराने शिवून लांब माळ करायची. माळ मागावर चढवली की भोकांप्रमाणे दोरे उचलले जातात आणि चादरीवर मोर दिसतो.

त्या खेपेचा मोर समोर बघणारा होता. विणकर नरसय्यामामांच्या मागावरून चादरी उतरल्या, आणि त्यातल्या एकीवर सगळ्या मोरांनी मान मागे वळवलेली!

"बाई, पत्ते चुकवलेस तू!" मालक ओरडले.

"मालक, वर पत्ते, खाली मोर. मधी मी कोण?" मामा म्हणाले. पण ते त्या मोरांवरून हात फिरवत राहिले. का ते मला कळलं. त्यांची बायको बालक्का त्याच मागाशेजारी बसून कांड्यांवर सूत भरायची. आदल्या वर्षी बाळंतपणात गेली. तिच्या दारातल्या रांगोळीत मोर असाच असायचा, मागे बघणारा. "मागं लेकरं येतात का बघतोय की," म्हणायची.

माझे यजमान तिथेच कामाला. ते कानाशी येऊन म्हणाले, "चुकलं म्हण की. तोंड झिजतंय व्हय?"

मी पदर घट्ट धरला आणि सगळ्यांसमोर बोलले, "न्हाय चुकलं. पत्ता इकडंतिकडं झाला तर मोर मोडंल, नुसती मान कशी वळंल? चढवा तीच माळ परत."

चढवली. तोच माग, तेच पत्ते — मोर सरळ! शेजारच्या मागावर चढवली, तिथेही सरळ.

"मग ही चादर कशी झाली?" मी विचारलं.

मालक चादरीकडे बघेनात. "ते मला सांगू नको. चूक कबूल कर, न्हायतर उद्यापासून येऊ नको."

नाही केली. काम गेलं. यजमान कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. पुढे दुसऱ्या कारखान्यात शिवण मिळाली, पण ते दिवस मी विसरले नाही.

ती चादर मामांनी मागून घेतली. थंडीत त्यांची लेकरं तीच पांघरायची.

कुणी म्हणतं दोरा अडकला असेल, कुणी म्हणतं माग जुना होता. असेल. मला उत्तर सापडलेलं नाही. बालक्का आली होती, असं मी म्हणणार नाही. पण माझी शिवण चुकली होती, असंही मी मरेपर्यंत म्हणणार नाही.