माझ्या नावानं उघडं राहिलेलं मशीन

उस्मानपुऱ्यातल्या ज्या शाळेत मी संगणक शिकवते, तिथल्या लॅबमध्ये तेव्हा अठरा मशीन होती आणि सगळ्या मुलांना मिळून पासवर्ड एकच. तो मीच फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं लिहून ठेवला होता. मुलं विसरतात, तास वाया जातो, असं माझं म्हणणं. मुलांनी जमा केलेलं काम मात्र एका वेगळ्या फोल्डरमध्ये जाई आणि ते फक्त माझ्या खात्यातून उघडे.

नववीला मी ‘घरातलं एक काम’ या विषयावर निबंध टाईप करायला दिला होता. एका मुलीचा निबंध मला फार आवडला. तिची आई घरी शिवणकाम करते. ब्लाऊजच्या गळ्याला अस्तर कसं लावतात, हे तिनं असं लिहिलं होतं की वाचणाऱ्याला सुई हातात घ्यावीशी वाटावी. शनिवारी काही निबंध पडद्यावर लावून वाचायचे होते; कुणाचा कितवा लागला, ती यादी मी त्याच फोल्डरमध्ये ठेवली होती. मी तिला आदल्या दिवशीच सांगितलं, “उद्या तुझा पहिला.”

शनिवारी फाईल उघडली. ती उभी राहून मोठ्यानं वाचू लागली. पहिल्या दोन ओळी तिच्याच होत्या. तिसऱ्या ओळीत होतं, ‘आई लोकांचे जुने कपडे उसवते आणि तेच मला घालते, म्हणून माझ्या अंगाला दुसऱ्यांच्या घामाचा वास येतो.’ वाचण्याच्या ओघात ती ‘म्हणून माझ्या अंगाला’पर्यंत आली आणि थांबली. मागं हसू फुटलं. मी धावले, पण तो प्रोजेक्टर बंद करायला बटण दोनदा दाबावं लागतं. तेवढ्यात सगळ्यांचं वाचून झालं होतं.

ती रडली नाही. दप्तर उचललं आणि सरळ घरी गेली.

वर्ग सुटल्यावर मी नोंदी उघडल्या. फाईल शुक्रवारी मधल्या सुट्टीत बदलली होती आणि बदलणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं. मग आठवलं. शुक्रवारी ऑफिसातून सहीसाठी बोलावणं आलं, तशी मी मशीन उघडंच टाकून गेले होते. परत आले तेव्हा लॅबमध्ये कुणी नव्हतं, म्हणून काही वाटलंच नाही.

मुख्याध्यापकांना मी नोंद दाखवली. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

“मॅडम, व्हायरस आला होता असं सांगा. महिनाभर लॅब बंद ठेवू. लोक विसरतात.”

“सर, फाईलवर माझं नाव आहे. व्हायरस असं लिहीत नाही.”

“तुमच्यावर येईल हे.”

“आलेलंच आहे,” मी म्हणाले. “मला फक्त ते सांगायचंय.”

रविवारी मी त्या मुलीच्या घरी गेले. पुढच्याच खोलीत शिलाई मशीन होतं. मुलगी आत होती, बाहेर आली नाही. मी सगळं सांगितलं, उघडं टाकून गेल्याचंही आणि लॅब महिनाभर बंद ठेवायचं चाललंय तेही. तिची आई हातातलं कापड बाजूला न ठेवता ऐकत होती.

“म्हंजे दार तुमी उघडं टाकलं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“अन् आता लॅब बंद करनार म्हनं? दार तुमी उघडं टाकायचं अन् शिक्षा समद्या लेकरांना? हे काय बरोबर नाय बाई. आमच्याकडं काय कम्प्युटर हाय का घरी? ती तिथंच शिकती.”

“लॅब बंद होणार नाही,” मी म्हणाले. मुख्याध्यापकांना अजून विचारलं नव्हतं, पण म्हणून टाकलं.

सोमवारी आधी मुख्याध्यापकांना लॅब चालू ठेवायला राजी केलं आणि मग नववीपुढं उभी राहिले. कुणी केलं, असं विचारलंच नाही. माझी चूक कुठं झाली तेवढं सांगितलं, फळ्यावरचा पासवर्ड पुसला आणि म्हणाले, “आजपासून प्रत्येकाचं खातं वेगळं. तुमच्या नावानं जे होईल ते तुमचं. माझ्या नावानं जे झालं ते माझं.”

बुधवारी मधल्या सुट्टीत वर्गाची मॉनिटर आली. हुशार मुलगी, दरवर्षी निबंधात पहिली येणारी. दारातच उभी राहिली.

“मॅडम, मी फक्त माझा निबंध कितवा लागलाय ते बघायला गेले होते. तुमचं उघडंच होतं.”

“आणि मग?”

“तिचा पहिला होता.” मग म्हणाली, “लिहिताना मजा वाटली. ती वाचायला लागली तेव्हा नाही वाटली.”

मुख्याध्यापक तिला दाखला देऊन काढायला निघाले होते. मी अडून बसले. दार उघडं टाकणारी शाळेत राहणार आणि आत शिरणारी तेवढी जाणार, हे मला मान्य नव्हतं. शेवटी तिचं मॉनिटरपद गेलं, दोन्ही घरच्यांना बोलावलं आणि तिनं शिवणकाम करणाऱ्या त्या आईसमोर माफी मागितली. लेखी ठपका आम्हा दोघींनाही मिळाला.

शिवणकामावरच्या त्या मूळ निबंधाची प्रत कुठंच नव्हती. मी म्हणाले, राहू दे. ती मुलगी म्हणाली, “नाही मॅडम, मी परत लिहिते. त्याच पडद्यावर वाचणार.” आठवडाभर शाळा सुटल्यावर बसून तिनं तो नव्यानं टाईप केला. मग त्याच पडद्यावर शेवटपर्यंत वाचला. कुणी हसलं नाही.

सगळ्या शाळेची खाती उघडायला मला महिना लागला. अगदी खालच्या वर्गातल्या मुलांकडूनही त्यांचा पासवर्ड त्यांच्याच हातानं टाईप करून घेतला, मी पाठ फिरवून उभी राहायची. मुलं पटकन शिकली. शिक्षकांनी दमवलं. एक ज्येष्ठ सर कुरकुरले, “माझा तुम्हीच लक्षात ठेवा ना.” मी नाही म्हणाले. ते चार वेळा विसरले, चारही वेळा मी त्यांना शेजारी बसवून नवा करायला लावला.

त्या दोघी मुली आता दहावीत आहेत. एकमेकींशी बोलत नाहीत, आणि बोला असं मी कधी म्हणत नाही. लॅबमध्ये दोघी आपापल्या मशीनवर बसतात. उठताना दोघीही आधी खातं बंद करतात आणि स्क्रीन काळी झाल्याशिवाय खुर्ची सोडत नाहीत.