कोणीच जात नाही असं तळं

अमेरिकेत गर्दी नसलेलं तळं शोधणं अगदी सोपं आहे. तिथे गर्दी का नाही, हे कळायला मात्र तिथवर जावं लागतं.

माझे बाबा भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे आठवडाभर माईकवरून तुमसर-पवनीच्या गाड्या पुकारायच्या आणि सुटीच्या दिवशी गावाबाहेरच्या तलावात गळ टाकून चार मित्रांबरोबर बसायचं. आई गेली, त्या उन्हाळ्यात मी त्यांना इकडे अमेरिकेत, बॉथेलला घेऊन आलो. रोज सकाळी ते आमच्या कॉलनीत फेरी मारून यायचे आणि विचारायचे, "काऊन रे, इथले लोकं दिवसा कोठी ठेवता तुम्ही?"

घराजवळ एक तळं आहे. तिथल्या लाकडी धक्क्यावर रविवारी ही गर्दी! रशियन आजोबा, व्हिएतनामी आजोबा, बादल्या, रेडिओ, पोरांची रडारड. बाबांनी ते एकदा गाडीतून पाहिलं आणि घरी येईपर्यंत मान वळवून पाहतच राहिले. मग म्हणाले, "मले मासे धराले जायचं आहे."

कुठल्याही शहाण्या मुलाने त्यांना त्या धक्क्यावर नेऊन सोडलं असतं. पण मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. (मी रिव्ह्यू वाचल्याशिवाय कोथिंबीरसुद्धा घेत नाही.) शिवाय इतक्या मोठ्या दुःखानंतर बाबांना शांतता हवी असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. त्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं.

रात्र-रात्र शोधून मी पार उत्तरेला, कॅनडाच्या बॉर्डरजवळ डोंगरात एक तळं हेरलं. रिव्ह्यू एकापेक्षा एक! 'दिवसभर चिटपाखरू दिसलं नाही. पाच तारे.'

"अरे, पण कोणी जात नाही म्हणजे काहीतरी कारण असेल ना?" माझी बायको मुग्धा म्हणाली.

"लोकांना माहीतच नाहीये! हिडन जेम आहे ते."

"मग तू एकटाच हुशार का?"

या प्रश्नाकडे मी तिरस्काराने पाहिलं आणि बाबांचं मासेमारीचं लायसन्स काढायला बसलो. "मासे धराले लायसन?" बाबा थक्क झाले. "गळ आहे का बंदूक आहे ही?"

शनिवारी पहाटे आम्ही चौघं निघालो. चौथी आमची मुलगी ईरा, वय वर्षं बारा. डांबरी रस्ता संपला तशी फोनची रेंजही संपली. पुढे खड्डे इतके, की मागच्या सीटवर मुग्धाच्या मांडीवरचा पुऱ्यांचा डबा दोनदा छताला लागला. "आपल्याकडं अशा रस्त्यावर निदान एसटी तरी येते," बाबा म्हणाले.

जिथे गाडी लावली तिथून तळं जवळच होतं, असं रिव्ह्यूत लिहिलं होतं. लिहिणारा बहुधा शेर्पा असावा. खुर्च्या, कूलर, गळ, पुऱ्या असा संसार डोक्यावर घेऊन आम्ही चढत राहिलो. वाटेत एक सुंदर लाकडी बोर्ड लागला. त्यावर बरंच काही बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. आम्ही त्याच्यासमोर उभं राहून फॅमिली फोटो काढला आणि पुढे गेलो.

तळं अप्रतिम होतं! निळंशार पाणी, पलीकडे बर्फाचा डोंगर, आणि खरोखरच एकही माणूस नाही. होते ते फक्त डास. तिथल्या डासांनी बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच माणूस पाहिला असावा. त्यांनी माझ्यावर जो आनंद व्यक्त केला, तो मी आजतागायत विसरलेलो नाही.

"बाबा, बघा कसं टाकायचं," म्हणत मी नवा रीळवाला गळ सपकन मागे नेला आणि सपकन पुढे आणला. पुढे आलाच नाही. तो माझ्या पँटच्या मागच्या बाजूला अडकला होता.

"डॅड, यू कॉट युअरसेल्फ!" ईरा किंचाळली.

बाबांनी शांतपणे गळ सोडवला (पँटसकट थोडा मीही सुटलो), कणकेची गोळी लावली आणि पाण्यात टाकून बसले. बसले ते बसलेच. मुग्धाने पुऱ्या वाढल्या. ईरा अंगाला टॉवेल गुंडाळून ममी होऊन पडली. पाण्यावर साधा बुडबुडासुद्धा आला नाही.

"शांत आहे ना, बाबा?" मी विचारलं.

"लय शांत आहे," बाबा म्हणाले. मग गळाची दोरी जरा ओढून पाहत, "घरीही शांतच असते आता."

मी डास मारायचा थांबलो. मग पुन्हा डास मारू लागलो.

दुपारी झाडीतून हिरव्या गणवेशातली एक तरुणी आली. हातात जाळी आणि बादली. बाबा ताडकन उठले. दिवसभरात दिसलेला पहिला माणूस! तिने आमच्या गळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि फार हळुवार आवाजात, आजारी माणसाला सांगतात तसं सांगितलं, की या तळ्यात मासे नाहीत. कधीच नव्हते. हे तळं बेडकांसाठी राखून ठेवलंय आणि ती बेडूक मोजायला आली आहे. "बोर्डवर लिहिलंय ना," ती म्हणाली.

मी फोन काढला. आमच्या फॅमिली फोटोत, माझ्या डोक्याच्या अगदी वर, माशाचं चित्र होतं. त्यावर लाल फुली होती.

मुग्धाने फोटो पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. (लग्नाला पंधरा वर्षं झाली की बोलावं लागत नाही.)

बाबा मात्र खुलले! "सीट, सीट," म्हणत त्यांनी तिला खुर्ची दिली, पुरीवर लोणचं घालून दिलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत भंडाऱ्याच्या बेडकांची सगळी माहिती दिली. पावसाळ्यात स्टँडवर ते कसे ओरडतात, तेही आवाज काढून दाखवलं. ती पोटभर हसली. ती गेल्यावर बाबा पुन्हा पाण्याकडे तोंड करून बसले.

परतताना गाडीत म्हणाले, "पोरगी चांगली होती." आणि मग, अगदी सहज, "पुढच्या रविवारी त्या घराजवळच्या तळ्यावर जाऊ का रे? तिथं लोकं असतात."

"नक्की, बाबा."

पुढच्या रविवारी डोंगरात वणवे लागले आणि धुराने आकाश नारिंगी झालं. दारं-खिडक्या लावून आम्ही घरात बसलो. त्याच्या पुढच्या रविवारी बाबांची फ्लाइट होती. विमानतळावर त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "असू दे. डोंगर चांगला होता."

त्या 'असू दे'ने मला महिनाभर झोपू दिलं नाही. शेवटी सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी मी एकटाच गळ घेऊन त्या धक्क्यावर गेलो. पाय ठेवायला जागा नव्हती. एका व्हिएतनामी आजोबांनी बादली सरकवून मला जागा करून दिली. मी पहिल्याच झटक्यात त्यांची टोपी पाण्यात उडवली. सगळा धक्का हसला, आणि टोपी काढायला सहा जण धावले.

मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ती गर्दी पाहून ते मोठ्याने म्हणाले, "अरे, त्या बुढ्याले दे फोन!"

मग दोघं जे सुरू झाले! दोघांचं इंग्रजी अर्धंअर्धं, पण मिळून एक होत होतं. आजोबा बादलीतले मासे दाखवताहेत, बाबा तिकडून हातवारे करून आपल्या तलावातले मोजून दाखवताहेत. मी दोन्ही हातांनी फोन धरून उभा. तेवढ्यात माझ्या गळाला मासा लागला आणि गळासकट निघून गेला.

फोन ठेवल्यावर आजोबांनी ओली टोपी पिळून डोक्यावर चढवली.

"तुझे वडील फार चांगला माणूस," ते म्हणाले. "पुढच्या उन्हाळ्यात त्यांना इथे घेऊन ये."

"नक्की आणतो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "तू गाडीतच थांब."